झाडाच्या नसा ओळखणारी कॅथरीन

मैत्रिणींनो, गाजराचा हलवा करताना आपण एक काम न चुकता करतो. गाजर उभं चिरायचं आणि मधला फिकट, निबर दांडा काढून टाकायचा. बाहेरचा लाल, गोड भाग किसणीवर आणि तो दांडा गाईच्या पाटीत! एकाच गाजराचे हे दोन भाग इतके वेगळे का, हा प्रश्न मात्र स्वयंपाकघरात कुणी विचारत नाही. उत्तर सोपं आहे. मधला दांडा म्हणजे गाजराच्या जलवाहिन्या. मुळांनी शोषलेलं पाणी या वाटेने वर जातं. आणि बाहेरचा गोड भाग म्हणजे रसवाहिन्यांचा पट्टा. पानांनी उन्हात तयार केलेली साखर या वाटेने खाली येते आणि मुख्यतः तिथेच साठून राहते. म्हणून तो भाग गोड.

या दोन वाटांपैकी पाण्याची वाट दिसायला सोपी. शाळेत तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवलं होतं, आठवतंय ना? थोड्या वेळाने त्याच्या दांड्यात लाल रेघा दिसू लागायच्या. त्या जलवाहिन्या. दुसरी वाट, म्हणजे साखरेची, मात्र फार लाजाळू. तिला सुरी लावली की ती बिघडते, भोकं बुजवून बसते. ही लाजाळू वाट समजून घेण्यात एका बाईने आयुष्याची साठ वर्षं घालवली. तिचं नाव कॅथरीन ईसॉ. वनस्पतिशास्त्र शिकलेल्यांना हे नाव नवीन नाही. पण तिची हकिकत फारशी कुणी सांगत नाही. आज मला ती तुम्हाला सांगायची आहे.

सुखवस्तू घर आणि उठलेलं बिऱ्हाड

कॅथरीनचा जन्म ३ एप्रिल १८९८ चा. गाव येकातेरिनोस्लाव. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमधलं निप्रो शहर आहे. घराणं मेनोनाइट पंथाचं, म्हणजे जर्मन बोलणाऱ्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती लोकांचं. काही पिढ्यांपूर्वी ही मंडळी प्रशियातून येऊन तिथे स्थायिक झाली होती. वडील शहराचे महापौर होते. म्हणजे घरी काही कमी नव्हतं. मुलगी अभ्यासात हुशार. पुढे काय शिकायचं हा प्रश्न आला तेव्हा तिने शेतकी निवडली. वनस्पतिशास्त्र म्हणजे नुसती झाडांची नावं पाठ करणं, असा तेव्हा तिचा समज होता. तिला जिवंत झाडाशी संबंध हवा होता. १९१६ साली तिने मॉस्कोच्या गोलित्सिन महिला कृषी महाविद्यालयात नाव घातलं. त्या काळात मुलींसाठी वेगळं शेतकी कॉलेज होतं, याचंच मला कौतुक वाटतं!

पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं. १९१७ साली रशियात क्रांती झाली आणि कॅथरीनला मॉस्कोला परत जाता आलं नाही. मधेच सुटलेलं कॉलेज म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीतरी जणी जाणतात. कुणाचं लग्न ठरतं, कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणाच्या घरी आजारपण येतं. कॅथरीनच्या बाबतीत अख्खा देशच उलटापालटा झाला होता. पण ती हातावर हात ठेवून बसली नाही. घरी राहून इंग्रजी शिकली, बागकामाच्या शाळेत गेली, कॉलेजसाठी करायचा वनस्पतींचा संग्रहसुद्धा करत राहिली. कॉलेज पुन्हा उघडेल की नाही, हे कुणाला माहीत होतं! तरी तिने पानं-फुलं वाळवून ठेवली.

पुढे पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य युक्रेनमध्ये आलं. १९१८ च्या अखेरीस युद्ध संपल्यावर ते माघारी निघालं. क्रांतिकारकांच्या राज्यात माजी महापौराच्या कुटुंबाला धोका होता. ईसॉ कुटुंबाने घर सोडलं आणि गाडीत बसून जर्मनी गाठली. या प्रवासाला दोन आठवडे लागले. ऐन हिवाळा, गर्दीचे डबे आणि मागे राहिलेलं सगळं घरदार! १९१९ च्या जानेवारीत ही मंडळी बर्लिनला पोचली तेव्हा कॅथरीन वीस वर्षांची होती.

बर्लिनमध्ये तिने पुन्हा शेतकी महाविद्यालयात नाव घातलं आणि १९२२ साली पदवी घेतली. त्याच वर्षी वडिलांनी ठरवलं की, आता अमेरिकेला जायचं. पुन्हा बांधाबांध, पुन्हा नवा देश, पुन्हा नवी भाषा.

घरकाम, बियाणं आणि बीट

कॅलिफोर्नियात रीडली नावाच्या छोट्या गावात मेनोनाइट वस्ती होती. तिथे कुटुंबाने बस्तान बसवलं. शेतकीची पदवीधर कॅथरीन मात्र कामाच्या शोधात निघाली. पहिलं काम मिळालं ते फ्रेस्नो गावात एका कुटुंबात घरकामाचं. महापौराची लेक, बर्लिनची पदवीधर, आणि हातात केरसुणी! मला वाटतं, तिच्या चरित्रातली ही ओळ पुष्कळ जण घाईघाईने वाचून पुढे जातात. मी मात्र तिथे थांबते. कारण शिक्षण आणि मिळालेलं काम यांचा मेळ न बसणं आपल्याकडे घरोघरी आहे. तिने ते काम केलं आणि दुसरं शोधत राहिली.

मग ऑक्सनार्डला एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली. तिथून सॅलिनासजवळच्या स्प्रेकल्स शुगर कंपनीत. आपल्याकडे साखर म्हटली की ऊस. थंड मुलखात साखर निघते ती शुगरबीटच्या कंदातून. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बीटवर एक रोग आला होता. पानं वरच्या बाजूला वळायची, शिरा फुगायच्या, रोप खुरटायचं आणि कंदातली साखर घटायची. मिरचीवरचा बोकड्या, म्हणजे चुरडामुरडा, ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. या रोगाला तिकडे ‘कर्ली टॉप’ म्हणतात, म्हणजे कुरळ्या शेंड्याचा रोग. तो विषाणूमुळे होतो आणि एक इवलासा तुडतुडा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. साखर कारखाने बंद पडायची वेळ आली होती. या रोगाला दाद न देणारं बीट तयार करायचं, हे काम कॅथरीनकडे आलं.

ती शेतात उभी राहून रोपं निवडत होती, त्यांचा संकर करत होती. १९२७ साली डेव्हिस इथल्या विद्यापीठ शाखेतून वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख तिचं काम बघायला आले. तिने संधी साधली. मला पुढे शिकायचं आहे, तुमच्याकडे जागा आहे का, असं तिने सरळ विचारलं. कुणी बोलावेल म्हणून वाट पाहिली नाही. जागा मिळाली आणि एकोणतिसाव्या वर्षी ती आपली बीटं घेऊन डेव्हिसला पोचली. विद्यार्थिनी म्हणून पुन्हा पहिल्यापासून!

एक दार बंद झालं तेव्हा

डेव्हिसला आल्यावर मोठी अडचण उभी राहिली. रोगाला दाद न देणारं बीट ओळखायचं, तर शेतात रोगी तुडतुडे सोडावे लागणार. पण उघड्या शेतात असे तुडतुडे सोडले, तर आजूबाजूच्या प्रयोगांचं आणि पिकांचं काय होणार? तशी सोय होईना. म्हणजे ज्या कामासाठी ती आली, तेच करता येणार नव्हतं.

मग तिने प्रश्नच बदलला. रोग न होणारं रोप शोधण्याऐवजी, रोग झालेल्या रोपाच्या पोटात नेमकं काय होतं, ते बघायचं ठरवलं. त्यासाठी शेत नको, काचघर पुरे. कोवळी पानं आणि मुळं मेणात बसवायची, यंत्राने त्यांच्या केसाहून पातळ चकत्या करायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघायचं. डोळ्यांची आणि धीराची परीक्षा घेणारं काम. पापड लाटताना सगळे सारखे पातळ व्हावेत म्हणून आपण जो हात बसवतो ना, तसाच हात इथे बसवावा लागतो.

इथे मला थोडं शास्त्र सांगायला हवं. कंटाळू नका, सोपं आहे. रसवाहिनी म्हणजे एकावर एक रचलेल्या लांबट पेशींची नळी. दोन पेशींमधल्या पडद्याला चाळणीसारखी भोकं असतात, म्हणून तिला चाळणीनलिका म्हणतात. गंमत अशी की, पूर्ण वाढलेल्या या पेशीत केंद्रकच उरत नाही. तरी ती जिवंत असते. तिला सांभाळते ती तिला खेटून असलेली सहपेशी. या नळीत साखरेचं पाणी दाबाखाली असतं. म्हणूनच झाडाला सुरी लावली की आतला रस एकदम जखमेकडे धावतो आणि चाळणीची भोकं चिकट पदार्थाने बुजतात. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, साखर वाया जात नाही. पण शास्त्रज्ञाच्या हातात येते ती बिघडलेली नळी! मावा हा कीटक या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार. तो आपली सुईसारखी सोंड नेमकी या नळीत घालतो. पानांवर जो गोड चिकटा पडतो, तो त्याच्या पोटातून बाहेर पडलेला झाडाचाच रस.

कॅथरीनने रोगी आणि निरोगी रोपं शेजारी शेजारी ठेवून, कोंब फुटल्यापासून त्यांच्या नळ्या कशा घडतात ते टप्प्याटप्प्याने पाहिलं. तिच्या लक्षात आलं की, पहिल्या चाळणीनलिका तयार होईपर्यंत पेशींना काहीच इजा दिसत नाही. त्या तयार झाल्या की बिघाड सुरू होतो, आणि तोही आधी त्यांच्या लगतच्या पेशींमध्ये. याचा अर्थ उघड होता. हा विषाणू साखरेच्याच वाटेने, साखरेबरोबर प्रवास करतो. पाहुण्यांच्या गाडीतून चोर गावात यावा तसा! आजार कळायचा तर आधी निरोगी अवस्था घडते कशी ते कळलं पाहिजे, ही तिच्या कामाची रीत इथे ठरली आणि जन्मभर टिकली.

१९३१ च्या अखेरीस प्रबंध पूर्ण झाला, १९३२ साली बर्कलीहून पीएच.डी. मिळाली आणि डेव्हिसलाच शिकवण्याची नोकरी लागली. आता कॅथरीनला अहोजाहो करायला हवं, नाही का?

गाजर, रबर आणि द्राक्ष

कॅथरीनबाईंनी नंतर जी झाडं अभ्यासली, त्यांची यादी म्हणजे बाजारातली टोपलीच. सेलरी, गाजर, तंबाखू, नासपती, द्राक्ष. गाजराचा कंद आतून कसा वाढत जातो, यावर त्यांनी १९४० साली सविस्तर निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आणि अमेरिकेत रबराची टंचाई झाली. तेव्हा ग्वायूली नावाच्या वाळवंटी झुडपापासून रबर काढायचे प्रयत्न सुरू झाले. या झुडपात फलनाशिवायही बी धरतं. ते कसं, यावरही बाईंनी काम केलं.

द्राक्षाची कथा मला विशेष आवडते. थंड प्रदेशात हिवाळ्यात द्राक्षवेल झोपी जाते. त्या वेळी तिच्या चाळणीनलिकांची भोकं एका पदार्थाच्या जाड थराने झाकली जातात. वसंतात तो थर विरघळतो आणि त्याच जुन्या नळ्यांतून रस पुन्हा वाहू लागतो. ही ऋतूंची ये-जा बाईंनी १९४८ साली तपशिलाने मांडली. त्याच वर्षी त्यांनी द्राक्षाच्या ‘पिअर्स’ रोगाचाही अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा तो विषाणूचा रोग मानला जाई. बाईंना मात्र बिघाड दिसला तो जलवाहिन्यांमध्ये, डिंकासारख्या पदार्थाने त्या तुंबलेल्या होत्या. पुढे १९७० च्या दशकात कळलं की हा रोग जलवाहिन्यांत राहणाऱ्या जिवाणूमुळे होतो. रोगाचं कारण नंतर बदललं, पण बाईंनी दाखवलेली जागा बरोबर होती.

एवढं सगळं चालू असताना पदं मात्र सावकाश मिळत गेली. पूर्ण प्राध्यापक व्हायला १९४९ साल उजाडलं. तोपर्यंत वयाची एक्कावन्न वर्षं झाली होती. बाई असल्यामुळे आपलं अडलं, असं त्या स्वतः मानत नसत. आपण बाई आहोत, याचा कामाशी काही संबंध आहे असंच त्यांना वाटत नसे. मी त्यांच्या या म्हणण्याचा मान राखते. तरी पीएच.डी.नंतरची सतरा वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही म्हणून ती वर्षं कमी होत नाहीत.

काचेच्या कपाटातलं पुस्तक

१९५३ साली त्यांचं ‘प्लँट अॅनाटॉमी’ हे पुस्तक आलं. सातशेहून जास्त पानं. झाडाचे भाग कसे दिसतात एवढंच न सांगता ते कसे घडत जातात, हे त्यात होतं. जगभरातल्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गांत ते पोचलं. १९६० साली ‘अॅनाटॉमी ऑफ सीड प्लँट्स’ आलं. त्यांच्या पुस्तकांच्या भारतीय आवृत्त्याही निघाल्या आणि आपल्याकडच्या एम.एस्सी.च्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातही एक प्रत होती, ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात. सर वर्गात नुसतं ‘ईसॉ’ म्हणायचे. नुसत्या आडनावावरून ते बाईचं की बुवाचं, हे कळायला मार्ग नव्हता. वर्गात निम्म्याहून जास्त मुली होतो. हे पुस्तक एका बाईने लिहिलंय, तिने घरकामाच्या नोकरीपासून सुरुवात केली होती, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर ते पुस्तक आम्ही वेगळ्या हाताने उघडलं असतं असं मला वाटतं.

मानसन्मान आता येऊ लागले. १९५१ साली त्या अमेरिकेच्या वनस्पतिशास्त्र संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. १९५७ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. १८६३ साली स्थापन झालेल्या या अकादमीवर तोपर्यंत निवडल्या गेलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. चौऱ्याण्णव वर्षांत अवघ्या मोजक्या!

साठीनंतरची वाट

साठी आली की आपल्याकडे लोक म्हणू लागतात, आता पुरे, नातवंडं सांभाळा. कॅथरीनबाईंनी लग्न केलं नव्हतं, पण प्रश्न नातवंडांचा नाहीच. साठीच्या आसपास त्यांच्या शास्त्रातलं मुख्य हत्यारच बदललं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. साध्या सूक्ष्मदर्शकात जिथे ठिपका दिसायचा, तिथे यात अख्खी रचना दिसू लागली. बाई तो वापरायला लागल्या आणि जन्मभर पाहिलेल्या नळ्या त्यांनी पुन्हा नव्याने पाहिल्या.

डेव्हिसमधले त्यांचे सहकारी व्हर्नन चीडल १९६२ साली सांता बार्बरा इथल्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. दोघांचं रसवाहिन्यांवरचं काम एकत्र चालू होतं. ते थांबू नये म्हणून १९६३ साली, पासष्टाव्या वर्षी, बाईंनी पुन्हा बिऱ्हाड हलवलं. १९६५ साली त्या निवृत्त झाल्या. कागदोपत्री! त्यानंतर वीसहून अधिक वर्षं त्या प्रयोगशाळेत काम करत राहिल्या. १९६८ साली झाडांमधल्या विषाणूंवरचं पुस्तक आलं, १९६९ साली रसवाहिन्यांवरचा मोठा ग्रंथ आला. त्या ग्रंथाचं नाव ‘द फ्लोएम’. फ्लोएम म्हणजे आपली ती लाजाळू वाट. त्यांच्या संशोधन निबंधांची संख्या दीडशेच्या वर गेली.

१९८९ साली अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळालं. तेव्हा त्या एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. ४ जून १९९७ रोजी, नव्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. २००६ साली त्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. ती नव्याने लिहिली त्यांचे विद्यार्थी रे एव्हर्ट यांनी. पुस्तकाच्या नावातच आता ‘ईसॉ’ आलंय.

मैत्रिणींनो, या बाईंची गोष्ट मोठ्या शोधाची आहेच. मला मात्र त्यांच्या वाटेवरची वळणं मोजावीशी वाटतात. कॉलेज सुटलं, देश सुटला, भाषा बदलली, पदवी असून घरकाम करावं लागलं, ज्या प्रयोगासाठी आल्या तोच करता आला नाही. तिशी गाठेपर्यंत त्यांच्या नावावर काहीच नव्हतं म्हणा ना! जिथे वाट बुजली तिथे त्यांनी प्रश्न थोडा फिरवला आणि पुढे चालत राहिल्या.

आपल्या छोट्या गावांतून आज कितीतरी मुली बी.एस्सी.ला जातात. बॉटनी घेते म्हटलं की घरचे विचारतात, झाडं-पानं शिकून काय करणार? शेवटी बी.एड. आणि लग्नच ना! तुमच्या घरात अशी एखादी मुलगी असेल, तर रोगाने वळलेलं मिरचीचं एक पान तिच्या हातात द्या, चांगलं पान शेजारी ठेवा आणि दोन्हींतला फरक तिला सांगू द्या. आणि तिला हेही सांगा की, एवढ्याच कुतूहलावर एका बाईने साठ वर्षं काढली, आणि त्यामुळे झाडाच्या आत साखर कशी चालते आणि रोग तिच्या मागोमाग कसा जातो, हे आज जगाला ठाऊक आहे. मग बॉटनी घ्यायची की नाही, ते तिचं तिला ठरवू द्या.